मार खाणाऱ्याची खूण

बरबँकच्या बाजारात मंगळवारी, २२ एप्रिल १९५८ रोजी, सकाळी साडेदहाच्या सुमारास एका पन्नाशीच्या बाईने वेंडल क्राट्झच्या कानशिलावर पीचच्या फोडींचा बंद डबा हाणला. डबा पत्र्याचा होता आणि बाईच्या मनगटात जोर होता. वेंडल दोन पावलं मागे गेला, मांडणीला धरून सावरला, आणि टोपी काढून म्हणाला, "चुकलं, बाई."

"चुकलं म्हणतोस? त्या मुक्या जनावराने तुझं काय घोडं मारलं होतं रे मेल्या?"

आदल्या संध्याकाळी टीव्हीवर त्याने एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याला गोळी घातली होती. कुत्रा या घडीला आपल्या मालकाच्या अंगणात पाय वर करून झोपला असेल, हे वेंडलने तिला सांगितलं नाही. सांगून उपयोग नसतो, हे तो अनुभवाने शिकला होता. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्या आईला काय वाटत असेल," एवढं म्हणून ती डबा तिथेच टाकून निघून गेली. डबा चेपला होता, तो आता कोणी घेतला नसता, म्हणून वेंडलने तो स्वतःच घेतला. संध्याकाळी जेवणावर त्याने आणि त्याच्या बायकोने ते पीच खाल्ले.

"गोड आहेत," ओपल म्हणाली. "आणखी एखादा कुत्रा मार."

वेंडलच्या तोंडावर त्याचं घर चालत होतं. नाक दोन ठिकाणी मोडून डावीकडे कललेलं, एक भुवई मधोमध चिरलेली, खालचा ओठ जाड आणि त्यावर पांढरा वण. असं तोंड रंगवून मिळत नाही. पडद्यावरच्या गावात नवा दरोडेखोर हवा असला, की लॉस एंजलिसमधल्या चार-पाच स्टुडिओंतून पहिला फोन त्यालाच येई. त्याला नावाचं काम कधीच मिळालं नाही. त्याची भूमिका साधारण अठरा मिनिटांची असे. सातव्या मिनिटाला यायचं, कोणाला तरी छळायचं, आणि पंचविसाव्या मिनिटाला मरायचं. १९५० ते १९५९ या नऊ वर्षांत तो एकशे सतरा वेळा मेला. त्यात सहा वेळा फासावर, दोनदा विहिरीत, एकदा बिथरलेल्या गुरांच्या खुरांखाली, एकदा स्वतःच्याच सख्ख्या भावाच्या हातून. बाकी सगळा गोळ्यांचा आणि ठोशांचा हिशेब. मरताना उजवा हात पंजा उघडून वर करायचा आणि मग हळूच खाली सोडायचा, ही त्याची लकब होती. प्रेक्षकांना तिच्यामुळेच तो ओळखू येई.

प्रत्यक्षात मात्र त्याने माणसावर हात उगारला नव्हता. दारू पिऊन अंगावर आलेल्याला तो फक्त धरून ठेवी. यामागे नेब्रास्का होतं.

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, जिथे साखरेचं बीट पिकतं, तिथे त्याचा बाप अ‍ॅडम क्राट्झ दुसऱ्याची जमीन कसत असे. रशियातून आलेली ही जर्मन माणसं. उन्हाळाभर गुडघ्यांवर सरपटत बीट विरळायचं आणि थंडी पडायच्या आत, टोकाला आकडा असलेल्या कोयत्याने ते उचलून त्याचे शेंडे छाटायचे. अ‍ॅडम जितका राबे तितकाच मारी. नाक पहिल्यांदा मोडलं तेव्हा वेंडल नऊ वर्षांचा होता. कोयत्याची मूठ लागली. दुसऱ्यांदा लागला घोड्याचा लगाम, तोच ओठालाही. भुवई जेवताना फुटली. कारण काय होतं ते घरात कोणालाच पुढे आठवेना. आई कपडे धुताना रक्ताचे डाग गार पाण्यात आधी भिजवायची, आणि एवढंच ती त्या बाबतीत करू शकायची. "तुझं तोंड बघितलं की माझा हात आवरत नाही," असं बाप म्हणे, आणि त्याच्या मते हे पुरेसं कारण होतं.

मार चुकवता येत नाही, पण कुठे घ्यायचा ते ठरवता येतं, हे वेंडल हळूहळू शिकला. गाल मऊ असतो, जबडा निखळतो, नाकाचं तर विचारूच नये. डोक्याचं सगळ्यात कठीण हाड कपाळाच्या वर, केसांची रेघ सुरू होते तिथे असतं. हनुवटी छातीला लावायची, दात आवळायचे आणि ते हाड पुढे द्यायचं.

१९२८च्या ऑक्टोबरात बिटाची गाडी ओहोळात कलंडली. बापाने जोखड टाकलं आणि सोळा वर्षांच्या वेंडलच्या दिशेने मूठ आवळून धावत आला. वेंडलने हनुवटी खाली घेतली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि अ‍ॅडम क्राट्झ पहिल्यांदाच आपल्या पोरासमोर गुडघ्यांवर बसला. मुठीतली दोन हाडं तुटली होती. त्या वर्षी अर्धं बीट जमिनीतच गोठलं. आईने फडक्यात पाव आणि डुकराच्या मांसाचा तुकडा बांधून दिला आणि म्हणाली, हात बरा व्हायच्या आत जा, बरा झाला की तो तुझा जीव घेईल. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही, असं वेंडलच्या कानावर आलं. तो परत गेला नाही.

गावोगाव तंबू ठोकून नाटकं करणाऱ्या एका कंपनीत तो आधी खुंट्या मारायला आणि मग दुष्टाची कामं करायला लागला. पडायचं कसं, ते तिथे शिकला. १९४१ मध्ये त्याने लॉस एंजलिसला ओपलला मागणी घातली. ती एका स्टुडिओत नटांच्या कपड्यांची देखरेख करायची. ओपलच्या मोठ्या बहिणीला नवऱ्याने जिन्यावरून ढकललं होतं, आणि ती तेव्हापासून काठी घेऊन चालत होती. म्हणून ओपलने वेंडलच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे कोणी केलं. त्याने सगळं सांगितलं, बापाचा हात कसा मोडला तेही. "म्हणजे तू नाही मारलंस?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला. "माझे हात खालीच होते."

"मग ते खालीच ठेव," ओपल म्हणाली. "माझ्यावरच नाही, कोणावरच हात उठला नाही पाहिजे. ज्या दिवशी उठला, त्या दिवशी मी गेले."

अठरा वर्षं त्याने हा शब्द पाळला.

पडद्यावरच्या मारामारीची एक रीत असते. ठोसा हनुवटीच्या वीतभर पुढून जातो. कॅमेरा अशा बाजूला ठेवलेला असतो की ती वीत दिसत नाही. मारणाऱ्याने हात फिरवायचा आणि मार खाणाऱ्याने मान झटकायची. खरी करामत मार खाणाऱ्याची. म्हणून वेळही तोच ठरवतो. तो तयार झाला, की डाव्या हाताचा अंगठा पट्ट्याच्या बक्कलाला लावतो. ती खूण दिसल्याशिवाय हात उचलायचा नाही, हा त्या कामातला पहिला धडा. आणि चुकून ठोसा लागलाच, तर मारणाऱ्याने व्हिस्कीची बाटली घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचं. माफी वगैरे मागायची नाही. बाटली उघडायची, मारणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा, मग दुसऱ्याने. तिथे विषय संपतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण तीस वर्षं सगळे पाळत आले होते.

रॉड टॅनिहिल पाळत नसे. तो अठ्ठावीस वर्षांचा होता, सहा फूट दोन इंच उंच, आणि 'ड्राय फोर्कचा मार्शल' ही मालिका त्याच्या जबड्यावर चालली होती. बक्कलाकडे बघून मारलं की मारण्यातला जीव जातो, असं तो म्हणे. लोकांना कळतं, म्हणे. त्याचे ठोसे लागत. कोणाचा दात हाले, कोणाची बरगडी दुखे, आणि कोणी बोलत नसे. कारण त्या मालिकेवर शंभरएक घरांच्या चुली पेटत होत्या.

९ जून १९५९ रोजी त्याने एमेट सोलबर्गला मारलं. एमेट म्हणजे वेंडलचा तंबूच्या काळापासूनचा मित्र. छपरांवरून, घोड्यांवरून, धावत्या गाड्यांवरून पडणं हा त्याचा धंदा. त्याचा अंगठा अजून बक्कलापर्यंत पोचलाही नव्हता. मूठ सरळ डाव्या डोळ्यावर बसली. एमेटचा चेहरा सुजून वांग्यासारखा झाला आणि त्या डोळ्याला पुन्हा कधी दिसलं नाही. रॉड दवाखान्यात गेला. त्याने फळांची टोपली नेली आणि फोटोवाला नेला. बाटली नेली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी वेंडलला 'ड्राय फोर्क'चा फोन आला. बायकांना विकणारा एक सराईत बदमाश, आणि शेवटी मार्शल त्याला घोड्यांच्या पाण्याच्या डोणीपाशी बडव-बडव बडवतो. वेंडल एमेटकडे गेला. एमेट अंगणात खुर्ची टाकून एका डोळ्याने वर्तमानपत्र वाचत होता.

"जा, घे काम," तो म्हणाला. "पण माझ्यासाठी एक कर, वेंड्या. एक ठेवून दे त्याला. एकच. तू तंबूच्या खुंट्या मारायचास तेव्हाचे तुझे खांदे मी पाहिलेत."

वेंडलने नकारार्थी मान हलवली. मी मारत नाही, तुला ठाऊक आहे.

"एकशे सतरा वेळा मेलास," एमेट म्हणाला. "कधीतरी जिवंतपणाही दाखव की."

वेंडल निघाला. पण घरी जाताना गाडीच्या स्टिअरिंगवर त्याच्या बोटांची पकड इतकी घट्ट होती की उतरल्यावर ती उघडायला वेळ लागला.

चित्रण गुरुवारी, १५ ऑक्टोबरला होतं. त्या सकाळी वेंडल टोपी हातात घेऊन रॉडच्या चाकांवरच्या खोलीत गेला. रॉड आरशासमोर बसून मांसाचा मोठा तुकडा कापून खात होता. वेंडलने सांगितलं, की मी सत्तेचाळीसचा आहे, मला पडायला हरकत नाही, मी छान पडतो. फक्त माझ्या अंगठ्याकडे लक्ष असू दे.

"अहो म्हातारबा," रॉड चावत चावत म्हणाला, "दरोडेखोराच्या दारात उभं राहून 'मारू का' असं विचारतो का मार्शल?"

"मार्शल विचारत नसेल. आपण विचारतो."

रॉड हसला. तो वाईट हसत नसे. त्याच्या हसण्यावरच अर्धा देश भाळला होता. "खरं सांगू का? तुमची काही चूक नाही. तुमचं तोंडच असं आहे. बघितलं की हात आवरत नाही."

 वेंडलने टोपी घातली, ती घालताना केसांच्या रेघेपाशी कपाळाला हात लागला, आणि तो बाहेर पडला.

दिग्दर्शक लू फेनिगर घाईत होता. दुपारनंतर डोणीवर सावली येते. पहिली खेप सुरू झाली. वेंडलने आपलं वाक्य म्हटलं, डावा हात कमरेकडे नेला, आणि अंगठा वाटेत असतानाच रॉडची मूठ त्याच्या गालावर आदळली. तोंडात काहीतरी तुटलं. वेंडल खरोखरच डोणीवर पडला, पाणी उसळलं, आणि रॉडने त्याला कॉलर धरून उपसून पुन्हा मारलं, या वेळी कानाखाली. वेंडल मातीत कोसळला. बरगडीत बूट बसला. कागदावर लाथ नव्हती. वेंडलने उजवा पंजा उघडून वर केला. थांबा, बस झालं, असं त्याला म्हणायचं होतं. तोंडात रक्त होतं म्हणून म्हणता येत नव्हतं.

पण तो पंजा तर सगळ्यांच्या ओळखीचा होता. एकशे सतरा वेळा पाहिलेला. "वा, वेंडल!" फेनिगर कॅमेऱ्यामागून म्हणाला. "तसाच राहू दे हात! रॉड, आणखी एक!" आणि रॉडने आणखी एक लाथ घातली. कॅमेरा थांबला तेव्हा दिवेवाले, सुतार, घोडेवाले सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडण्यात असा बाप माणूस नाही, असं कोणीतरी म्हणालं. वेंडल उठून बसला आणि त्याने तळहातावर दात थुंकला. तेव्हा टाळ्या थांबल्या.

फेनिगर धावत आला. बघू, बघू, अरेरे. मग त्याने सूर्याकडे पाहिलं. दुसऱ्या बाजूने एकदा घ्यावंच लागेल, फक्त पहिला ठोसा, मग पडायचं, झालं. जमेल का? रॉड पाणी पीत उभा होता. "लागलं का, म्हातारबा?" तो म्हणाला. "दिसायला मात्र फर्मास दिसलं असणार."

ओपल कोरडा शर्ट घेऊन आली. या मालिकेच्या कपड्यांचं काम तिच्याकडेच होतं. रक्ताळलेला शर्ट तिने उतरवून घेतला, बरगडीवर उठलेला बुटाचा वळ पाहिला, आणि नव्या शर्टाची बटणं लावताना अगदी हळू आवाजात म्हणाली, "चल घरी. आत्ता."

"मी गेलो तर ते दुसऱ्या कोणाला उभं करतील."

"करू देत."

"ओपल," तो म्हणाला. दात नसल्यामुळे तिच्या नावातून वारा जात होता. "हात खाली राहतील."

तिने त्याच्याकडे पाहिलं, पट्टा सारखा केला, आणि बाजूला झाली.

दुसरी खेप. वेंडलने वाक्य म्हटलं. रॉडचा उजवा खांदा मागे जाताना त्याला दिसला, बापाचा खांदा जायचा तसाच, कोपर जरासं वर. वेंडलचा अंगठा बक्कलावर ठेवलेलाच होता. स्पष्ट, सगळ्यांना दिसेल असा. रॉडने रीत पाळून वीतभर पुढून हात फिरवला असता, तर काहीच झालं नसतं. मूठ सरळ आली. वेंडलने दात आवळले, हनुवटी छातीला लावली.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

रॉड ओरडला नाही. त्याने श्वास आत घेतला आणि तो बाहेरच सोडला नाही. दुसऱ्या हाताने मनगट धरून तो डोणीपाशी गुडघ्यांवर बसला. एक पोर मार खाऊन जसं बापाकडे बघतं तसं त्याने वर पाहिलं. वेंडल उभा होता. केसांच्या रेघेपाशी कातडी फाटून रक्त नाकाच्या बाजूने ओघळत होतं. गाव शांत होतं, घोडेसुद्धा. मार्शल गुडघ्यांवर आणि बदमाश उभा, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. कॅमेरा थांबवायचं कोणाला सुचलं नाही. मग वेंडलला आठवलं की आपल्याला पडायचं आहे. त्याने मान झटकली, गुडघे सोडले, पंजा वर केला, हळूच खाली आणला, आणि तो नीट मेला. हे एकशे अठरावं.

१४ डिसेंबरच्या सोमवारी तो भाग दाखवला गेला, तेव्हा फेनिगरने पडण्याचा तुकडा तसाच ठेवला होता. कोणाला काही कळलं नाही. शेजारीण दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाली, की या वेळी फारच छान मेलात.

पण ते पुढे. त्या गुरुवारी डॉक्टर आला, रॉडच्या मुठीतली तीन हाडं तुटल्याचं त्याने सांगितलं आणि वेंडलच्या कपाळाला सात टाके घातले. अपघात झाला, असं सगळ्यांनीच ठरवलं. दोष रॉडचा, असंही बहुतेकांनी मनात ठरवलं. सुताराने वेंडलची पाठ हलकेच थोपटली. सहा आठवडे काम बंद राहणार, हे कळल्यावरही कोणी त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. एमेटचा फोन आला. त्याने सगळं दोनदा ऐकलं.

"आवाज कसा झाला ते पुन्हा सांग," तो म्हणाला.

"सांगितलं ना," वेंडल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पहिल्यांदा सांगताना त्याला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचीच त्याला आता धास्ती वाटत होती.

ओपलने कोंबडीचं सूप केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्यासमोर वाडगा ठेवला आणि ती समोर बसली. स्वतःसाठी तिने काही घेतलं नव्हतं.

"पुढे सरकलास," ती म्हणाली.

वेंडलने चमचा खाली ठेवला.

"बाकीचे त्याच्या मुठीकडे बघत होते. मी कपड्यांची बाई आहे, मी आधी बूट बघते. डावा बूट पुढे आला."

"अर्धं पाऊल," तो म्हणाला.

"अर्धं."

"हात खालीच होते, ओपल."

"होते ना. माझ्या अटीत फक्त हात होता. अट घालताना माझीच अक्कल कमी पडली." तिचा आवाज चढला नव्हता. "तो मारणार हे तुला माहीत होतं. कुठे मारणार तेही माहीत होतं. तू त्याच्या मुठीला डोकं दिलं नाहीस, वेंडल. डोक्याने त्याची मूठ फोडलीस. त्याची लायकी तीच आहे, मी त्याच्यासाठी रडत नाही. पण तुला ते करता येतं, हे मला अठरा वर्षं माहीत नव्हतं."

सूप निवत होतं. वेंडलने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"बापाच्या वेळीही सरकलो होतो," तो म्हणाला.

ओपलने वाडगा बाजूला सरकवला.

"तो धावत येत होता. मी जागेवर उभा राहिलो असतो तर नुसता मार लागला असता, रोजच्यासारखा. मी पाऊल पुढे टाकलं. त्याच्या हाताचं काय होणार ते मला कळत होतं. बीट जमिनीत राहणार, तेही कळत होतं. आईला त्या हिवाळ्यात काय खावं लागलं असेल ते..." त्याने चमचा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "हात खाली होते, हाताने मारलं नाही, असं मी तुला सांगितलं. मलाही तेच सांगत आलो."

त्या दिवसापासून ओपल शिवणाच्या खोलीतल्या अरुंद खाटेवर झोपू लागली. भांडण नव्हतं. ती त्याच्या टाक्यांना औषध लावी, त्याच्यासाठी मऊ अन्न शिजवी, आणि आपली उशी घेऊन जाई. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी स्टुडिओतून फोन आला, की रॉड साहेबांनी स्वतः म्हटलं आहे, म्हाताऱ्याला पुढच्या वर्षी दोन भाग द्या, बिचाऱ्याच्या डोक्याला लागलं. वेंडलने आभार मानले.

रविवारी, १८ ऑक्टोबरला, चर्चहून आल्यावर त्याने कपाटातून व्हिस्कीची न उघडलेली बाटली काढली आणि कागदात गुंडाळली. ओपल दारात उभी राहून बघत होती.

"तुझ्या एका डोळ्यावर सूज आहे," ती म्हणाली. "गाडी मी चालवते."

रॉडचं घर टेकडीवर होतं, पांढरं, पुढे लिंबाची झाडं. ओपल गाडीतच बसली. रॉडने स्वतः दार उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, दाढी वाढलेली. पडद्याबाहेर तो इतका लहान दिसेल असं वेंडलला वाटलं नव्हतं.

"या म्हातारबा," तो म्हणाला, आणि मग त्याची नजर कागदावर गेली. तो ओशाळला. "अहो, तुम्ही कशाला? ते तर मी आणायचं. एमेटच्या वेळीच आणायला हवं होतं, माहीत आहे मला. मारलं मी."

 पायरीवर उभं राहूनच वेंडलने कागद काढला, झाकण फिरवलं. इथे थांबता आलं असतं. बाटली रॉडच्या हातात द्यायची, त्याने पहिला घोट घ्यायचा. पुढच्या वर्षीचे दोन भाग, सुताराची थाप, ओपलखेरीज कोणालाही कधी न कळणारं अर्धं पाऊल. वेंडलने बाटली तोंडाला लावली. जिथे दात होता तिथे दारू झोंबली. त्याने घोट गिळला, तोंड पुसलं, आणि बाटली रॉडपुढे धरली.

रॉडला कळायला थोडा वेळ लागला. तो आधी बाटलीकडे पाहत राहिला, मग वेंडलच्या कपाळाकडे, मग स्वतःच्या प्लास्टरकडे. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग कठीण झाला.

"मुद्दाम?" तो म्हणाला.

"हो."

"मी तुम्हाला या गावात उभं राहू देणार नाही."

"बरं," वेंडल म्हणाला. बाटली त्याने पुढेच धरून ठेवली होती. रॉडने डाव्या हाताने ती घेतली. क्षणभर वाटलं की तो ती फेकणार, किंवा हाणणार, आणि वेंडलने आपली पावलं होती तिथेच राहू दिली. हनुवटी वर ठेवली. रॉडने घोट घेतला नाही. पण त्याने बाटली फेकलीही नाही. ती घेऊन तो आत गेला आणि त्याने दार लावलं.

वेंडल गाडीत येऊन बसला. ओपलने किल्ली फिरवली नाही.

"आधी कोण प्यायलं?" तिने विचारलं.

"मी."

तिने त्याच्या मांडीवरची टोपी उचलली, टाक्यांना लागणार नाही अशी तिरपी करून त्याच्या डोक्यावर बसवली, आणि मग गाडी सुरू केली.